मढला जाऊन आले, खुर्चीसकट

आमच्या कंपनीचे एक साहेब मध्यंतरी युरोप पाहून आले आणि कंपनीच्या मासिकात त्यांनी त्याचं वर्णन लिहायला घेतलं. सोळा दिवसांत नऊ देश. ते वर्णन वर्ष उलटलं तरी संपेना. कुठल्या हॉटेलात अंडं किती उकडलं होतं इथपर्यंत सगळं त्यात आलं. मी वाकोल्याहून मढला जाऊन आले आणि मला तीन दिवस लागले. म्हटलं, आपणही लिहावं. उकडलेलं अंडं माझ्याकडे नाही, पण मांदेली आहेत.

अंतर विचाराल तर हसाल. माणूस चंद्रावर उतरून, दगड गोळा करून घरी आला त्यालाही आता काही वर्षं झाली. वाकोल्यातल्या बाईनं वर्सोव्याच्या खाडीपलीकडे उतरायचं म्हटलं की मात्र सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. मी नऊ वर्षांची असताना मला ताप आला आणि दोन्ही पाय घेऊन गेला. आता मी अडतीस वर्षांची आहे. अंधेरीच्या एका कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर बसते. तिथं आवाज लागतो, पाय लागत नाहीत.

आई लवकर गेली. घरात मी आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील, वर्कशॉपमधून रिटायर झालेले सुतार. आमच्या खोलीला तीन पायऱ्या आहेत आणि एकोणतीस वर्षं अण्णांनी मला पाठुंगळीला घेऊन त्या चढल्या-उतरल्या. मागच्या वर्षी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "यापुढे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. पुन्हा फाटलं तर माझ्याकडे आणू नका." अण्णांनी तिथं मान हलवली आणि घरी आल्यावर चौथ्या दिवशी माझ्यापुढे पाठ वाकवून उभे राहिले. "तू काय जड आहेस का," म्हणाले. तेव्हापासून आमचं रोजचं भांडण. मी ओरडते, शेजारचे धावतात, कुणीतरी मला उतरवतं, अण्णा दिवसभर फुगून बसतात.

खुर्ची आली ती त्यानंतर. एका इस्पितळानं मोडीत काढलेली चाकांची खुर्ची. अण्णांनी तिला सागाचे नवे हात बसवले, मी चाकांना तेल घातलं. ती हातांनी फिरवायची असते. महिनाभरात माझे तळवे एखाद्या हमालासारखे झाले आणि मला त्याचा फार अभिमान वाटला.

आता मढच का? यंदा कंपनीची सहल तिथल्या एका नव्या करमणुकीच्या बागेत गेली. त्या बागेचं नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात कोण करणार. कुण्या शेठनं सिनेमावाल्यांना भाड्यानं द्यायच्या बंगल्यामागची जागा घेऊन तळं खणलं, मातीचे डोंगर केले आणि तळ्यावरून तारेला लटकणारे पाळणे सोडले. एका काठावर बसायचं, दुसऱ्या काठावर उतरायचं. सहलीच्या यादीत माझं नाव कुणी घातलंच नाही. माझ्याशेजारी बसणाऱ्या कुंदानं येताना त्या पाळण्यांचं चित्र असलेलं कार्ड आणलं. "तुझ्यासाठी गं. घरबसल्या बघ." वर म्हणाली, "तुला तसंही तिथं काही मजा आली नसती."

माझी मजा कुंदा ठरवणार. मी तिथल्या तिथं ठरवलं की जायचं, आणि खुर्चीत बसून जायचं. दुसरंही एक ठरवलं, ते अण्णांना सांगितलं नाही. जाऊन परत येईपर्यंत अण्णांनी मला एकदाही उचलायचं नाही.

शनिवार दुपार, वाकोला ते वर्सोवा

मथुरा ही आमची कोळीण. पंधरा वर्षं आमच्या गल्लीत टोपली घेऊन येते. तिला बेत सांगितला तर तिनं युरोपवाल्या साहेबांसारखे नकाशे काढले नाहीत. म्हणाली, "शनवारी ये माझ्या घरी वर्सोव्याला. आयतवारी सकाली पलीकडं जाऊ. आमच्या टेंपोतनं चल." हा टेंपो रोज पहाटे कोळणींना आणि टोपल्यांना घेऊन येतो आणि दुपारी रिकामा परत जातो.

टेंपो गल्लीच्या तोंडाशी आला. अण्णा पुढे झाले. त्यांच्या आधी मथुरा आणि तिची एक जोडीदारीण अशा दोघींनी खुर्ची माझ्यासकट धरली आणि पायऱ्यांवरून खाली ठेवली, मग टेंपोत. जाळ्याच्या दोरीनं चाकं बांधली. जन्मात पहिल्यांदा मी गाडीत माझ्या जागेवर बसून गेले. टॅक्सीत मला कोंबतात आणि खुर्ची वर बांधतात, मग मला आणि खुर्चीला, दोघींनाही घाम फुटतो. टेंपोत बर्फाचं पाणी पायाखालून वाहत होतं आणि वास असा होता की अण्णांनी सांताक्रूझपासून अंधेरीपर्यंत नाकावरचा रुमाल काढला नाही. अण्णा घाटावरचे. ज्वारी आणि पिठलं सोडून जगात काही शिजतं यावर त्यांचा अजून पुरता विश्वास नाही.

अंधेरीच्या सिग्नलला शेजारच्या फियाटमधल्या बाईनं काच खाली करून अण्णांना विचारलं, "यांना काय झालंय?" माझ्याबद्दलचं सगळं लोक अण्णांना विचारतात. यांना चहा चालतो का, यांना ऊन लागतंय का. मी म्हटलं, "मासे विकायला काढलेत मला. घेता का?" काच वर गेली.

कोळीवाड्यात मात्र निराळा कारभार. मथुराची सासू दारात जाळं विणत बसली होती. तिनं माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "पाय कुठं टाकून आली गो?"

"तापात गेले. नऊ वर्षांची होते."

"माजा नवरा वादलात गेला," ती म्हणाली. "भाकर खाशील का?"

झालं, संपला विषय. आमच्या गल्लीत याच गोष्टीवर बायका पदर डोळ्यांना लावतात आणि मग तासभर आपल्या सुनांबद्दल बोलतात. इथं बायका मोठ्यानं बोलतात, मोठ्यानं भांडतात, व्यवहार त्यांच्या हातात असतो आणि पुरुष निमूटपणे जाळी वाळवतात. मला जागा फार आवडली. मांदेलीचं कालवण आणि तांदळाची भाकरी, सोबत भाजलेला सुका बोंबील. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. अण्णांनी कालवणात बोट बुडवून चाखलं, थोडा वेळ विचार केला आणि दोन खाल्ल्या. नंतर म्हणाले, "वाईट नाही." घाटावर यापेक्षा मोठी स्तुती करत नाहीत.

रविवार सकाळ, खाडी

वाळूवर खुर्ची ढकलायला जाऊ नका. पुढची लहान चाकं रुततात आणि माणूस तोंडावर आपटायचा तेवढा बाकी राहतो. खुर्ची उलटी फिरवायची आणि मोठं चाक पुढे करून पाठमोरं जायचं. हे मला कुठल्या डॉक्टरनं सांगितलेलं नाही, मी पडून शिकले. तशी उलटी, अख्ख्या कोळीवाड्याचं तोंड बघत, मी धक्क्यापर्यंत गेले.

होडी धक्क्याला लागलेली होती आणि मधे फळी टाकलेली होती. होडी खाली-वर होत होती. अण्णा लगेच अस्तन्या वर सारू लागले. मथुरानं त्यांना कोपरानं बाजूला केलं.

"अण्णा, तुमी हात लावू नका. माल आपुन उचलाचा नाय, पान्यानं उचलाचा. पानी वर आलं की नुसता सरकावाचा."

कोळणी मणभराच्या टोपल्या अशाच चढवतात. होडी खाली असताना गप्प उभ्या राहतात, घाई करत नाहीत. लाट होडीला वर आणते, तिची कड फळीच्या पातळीला येते, तेवढ्या क्षणात टोपली आत. मथुरानं माझी खुर्ची उलटी लावली, दोन लाटा जाऊ दिल्या आणि तिसरीला म्हणाली, "आता." मी होडीत होते. कुणाचा श्वाससुद्धा वाढला नव्हता.

अण्णा मागे राहिले. ते फळीपाशी उकिडवे बसून तिच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. फळीला आडव्या पट्ट्या मारलेल्या होत्या, पाय घसरू नये म्हणून. "आंब्याची दिसते," ते म्हणाले. "पट्ट्यांमधे किती अंतर ठेवता?" नावाडी ओरडला, "बाबा, येताय की फळीशी लगीन लावताय?" मला वाटलं, समुद्र बघायला आणला तर म्हातारा लाकूड बघतोय.

पलीकडे उतरल्यावर नावाड्यानं बजावलं की चारच्या आत परत या, नंतर पाणी उतरतं, होडी धक्क्याला लागत नाही, चिखलातून चालत यावं लागतं. चिखलातून चालत म्हणजे माझ्या बाबतीत कुणाच्या तरी पाठीवरून, आणि ती पाठ कुणाची असणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

रविवार दुपार, बाग

रस्ता डांबरी होता. वीस-पंचवीस मिनिटं मी स्वतः चाकं फिरवली. फाटकाशी प्लास्टरचा हत्ती, आत प्लास्टरचे मोर आणि प्लास्टरच्या अप्सरा, अप्सरांची नाकं आताच गेलेली. झाडांना खडूसारखा पांढरा रंग. लोक त्या अप्सरांच्या कमरेत हात घालून फोटो काढत होते. पाठीमागे खरा समुद्र होता, त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं.

पाळण्यांचं स्टेशन एका चौथऱ्यावर होतं, आणि नशिबानं त्याला उतार होता. मशीन चढवायला केला असणार, माझ्यासाठी कोण कशाला करतंय. पाळणे म्हणजे पत्र्याचे पिंजरे, एका बाजूला बाकडं, बाकीचे उभे राहणार. तारेवरून येतात, चौथऱ्यापाशी हळू होतात, पण थांबत नाहीत. चढणाऱ्यानं चालता चालता चढायचं.

तिथं टाय लावलेला एक गृहस्थ उभा होता. त्यानं मला पाहिलं आणि अण्णांशी बोलायला सुरुवात केली.

"पेशंटला असं वर नेता येणार नाही."

"पेशंट कोण?" मी विचारलं.

"खुर्ची अलाउड नाही," तो अण्णांना म्हणाला. "पेशंटला उचलून बाकड्यावर बसवा. खुर्ची मागच्या पाळण्यातून पाठवू."

अण्णांच्या खिशात सुताराची घडीची पट्टी अजून असते. त्यांनी ती काढली, येणाऱ्या पाळण्याच्या दाराला लावून ते त्याच्याबरोबर चार पावलं चालले आणि परत येऊन खुर्ची मोजली. "दार सत्तावीस इंच. खुर्ची पंचवीस. जाते की."

"मापाचा प्रश्न नाही. नियमाचा प्रश्न आहे."

"मग दोन मिनिटं मशीन थांबवा," मी म्हटलं.

"त्याला मॅनेजरसाहेबांची सही लागते. साहेब जेवायला गेलेत."

असे लोक कुठं तयार होतात कळत नाही. मी अजून वाद घातला असता, पण डोळ्याच्या कडेनं पाहिलं तर अण्णांनी पट्टी खिशात घातली होती आणि ते माझ्यापुढे पाठ करून वाकत होते. मग मी हरले. मथुराला खूण केली. तिनं आणि तिथल्या झाडूवालीनं मिळून मला उचललं आणि चालत्या पाळण्यात बाकड्यावर ठेवलं. अण्णा माझ्यामागे चढले. मथुरा आली नाही. "समुद्रावरनं कुठं पन येईन. हवेवरनं नाय," असं म्हणून ती टोपली घेऊन सावलीला बसली.

खोटं कशाला बोलू, वर गेल्यावर बरं वाटलं. खाली तळं, मग भाताची खाचरं, एका चर्चचं पांढरं टोक, वाळत घातलेले बोंबील, आणि मग समुद्र, नुसता समुद्र. इतक्या उंचावरून मी कधी काही पाहिलेलं नव्हतं. अण्णांनी डोळे मिटून दांडी धरली होती. उंचीला ते घाबरतात हे मला अडतिसाव्या वर्षी कळलं. मी त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरून बसले.

पलीकडच्या काठावर शिट्टी घेतलेला एक माणूस होता. मला उचलायला तो तयार नव्हता, "लेडीजला हात लावायची ऑर्डर नाही" म्हणाला. शेवटी आमच्या पुढच्या पाळण्यातून उतरलेल्या दोन कॉलेजच्या मुलींनी मला ओढून काढलं आणि सिमेंटच्या बाकावर बसवलं. समोर कॅन्टीन, डावीकडे तळ्याच्या काठानं फाटकाकडे जाणाऱ्या वाटेवर उतरणाऱ्या तीस पायऱ्या, मागे तार.

मग माझी खुर्ची आली. एकटीच, पाळण्याच्या मधोमध, ऐटीत. शिट्टीवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, शिट्टी वाजवली आणि खुर्ची वळण घेऊन परत निघून गेली.

"अहो, ती माझी आहे. उतरवा ना."

"पॅसेंजर उतरवायचा. सामान उतरवायची ऑर्डर नाही. सामान गेटवर परत जातं."

"सामान तुमच्याच माणसानं चढवलंय."

"त्याला चढवायची ऑर्डर असेल."

गेटवरही तिला कुणी उतरवलं नसावं, खुर्ची दुसऱ्यांदा आली. अण्णा धावले तर शिट्टी वाजली, पॅसेंजरनं पिवळी रेघ ओलांडायची नाही. खुर्ची गेली. तिसऱ्यांदा आली. आता कॅन्टीनमधले लोक गोळे चोखत बघायला आले. कुंदाला मजा आली नसेल एवढी माझ्या खुर्चीला येत होती. एका बाईनं न विचारता माझ्या मांडीवर केळं ठेवलं आणि नमस्कार केला. मी ते खाल्लं. भूक लागली होती.

तीन वाजत आले होते. चौथ्या फेरीला खुर्ची वळली आणि अण्णा माझ्यासमोर येऊन गुडघ्यावर बसले, पाठ माझ्याकडे करून. एक हात ऑपरेशनच्या जागेवर दाबलेला होता. तो हात त्यांनी माझ्यापासून लपवला होता असं त्यांना वाटत होतं.

"चल. बस. तीसच पायऱ्या आहेत."

मला भीती वाटली. टायवाल्याचा, शिट्टीवाल्याचा राग येत होता तोवर ठीक होतं. हा म्हातारा मला पाठीवर घेणार आणि विसाव्या पायरीवर खाली बसणार, आणि भोवती गोळे खाणारी माणसं.

"अण्णा, उठा. नाहीतर मी जमिनीवर बसून घसरत जाईन. सगळ्यांदेखत."

"बाप जिवंत असताना?"

"तो जिवंत राहावा म्हणूनच."

ते उठले नाहीत, पण मला पाठीवर घ्यायला मागेही सरकले नाहीत. तेवढ्यात मला बाकामागच्या खांबावर टेलिफोन दिसला. दांडी फिरवायचा, दोन स्टेशनांच्या मधला. आयुष्यभर मी ज्या एका वस्तूच्या जिवावर भाकरी खाल्ली ती हातभर अंतरावर होती आणि मी केळं खात बसले होते.

मी दांडी फिरवली. शिट्टीवाला म्हणाला, "ओ बाई, ते स्टाफसाठी आहे." मी त्याला माझा बोर्डावरचा आवाज दिला. "लाइन चालू आहे, मधे बोलू नका." त्या आवाजापुढे आमचे मॅनेजिंग डायरेक्टरही गप्प बसतात.

पलीकडून टायवाला बोलला. "तुमच्याजवळ सावलीला टोपलीवाली बाई बसली आहे," मी म्हटलं, "तिला फोन द्या. अर्जंट आहे." मथुरानं जन्मात टेलिफोन धरला नव्हता. ती अशी ओरडली की तळ्याच्या या काठाला फोनशिवायही ऐकू आलं.

"मथुरा, माझी खुर्ची तिकडे आली की खाली घे आणि तिच्यात बस. खुर्ची पाळण्यात घालायला सांग आणि इकडे ये."

"मी कशाला बसू? माजे पाय हायत."

"रिकामी खुर्ची म्हणजे सामान. कुणी बसलं की पेशंट. पॅसेंजर हे उतरवतात, आणि खुर्ची धरली तर लेडीजला हात लागत नाही."

"हवेवरनं?" तिनं विचारलं.

"हवेवरनं. नाहीतर अण्णा उचलतायत मला."

फोन खाली आपटल्याचा आवाज आला. मग समोरच्या काठावर गडबड दिसली. जी खुर्ची माणसासकट चढवायची नव्हती, जिच्यासाठी सही लागत होती, ती टायवाल्यानं आणि झाडूवालीनं मथुरासकट मुकाट्यानं चढवली. मथुराशी वाद घालायची त्याची छाती झाली नसावी. पाळणा आला. आत माझी खुर्ची, खुर्चीत मथुरा, मांडीवर टोपली, डोळे गच्च मिटलेले आणि तोंडानं एकवीरेचा धावा.

शिट्टीवाला सावध झाला. "पेशंट येतोय, बाजूला व्हा." त्यानं कॅन्टीनमधला माणूस बोलावला, दोघांनी पिवळी रेघ ओलांडली आणि खुर्ची अलगद बाहेर घेतली. मथुरानं एक डोळा उघडला, मग दुसरा. उठली, पदर खोचला आणि ताडताड चालत माझ्यापाशी आली. "बस गो बाय. तुजी खुर्ची गरम करून आनली."

शिट्टीवाल्यानं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मथुराच्या पायांकडे पाहिलं. "पेशंट कुठंय?" त्यानं विचारलं. बाकावरून खुर्चीत मी हातांच्या जोरावर स्वतः सरकते, त्याला कुणी लागत नाही. मी सरकले आणि म्हटलं, "ही काय."

परतीला त्यानं अडवलं नाही. खुर्चीसकट आलेला पेशंट खुर्चीसकटच जायला पाहिजे, असा निकाल त्यानं स्वतःच लावला. मथुरानं तीन पाळणे नुसते जाऊ दिले. पाळणा चौथऱ्याला लागताना खाली बसतो आणि मग थोडा वर उचलला जातो, ते तिनं बघून घेतलं. "ही पन होडीच हाय," म्हणाली. तिनं खुर्ची उलटी धरली, पाळण्याबरोबर चालू लागली, आणि तो वर आला तसं मोठं चाक आत गेलं. अण्णांनी हात पुढे केला होता. त्या हाताला धरायला काहीच उरलं नाही, म्हणून तो त्यांनी खिशात घातला.

तळ्यावर मथुरानं डोळे मिटले आणि अण्णांनी मिटले. तिघांत बघणारी मी एकटी. टायवाला उतरल्यावर म्हणाला, "आम्ही हे अलाउ करत नाही." त्या वेळी मी खुर्चीत बसूनच त्याच्यासमोर उतरलेली होते.

होडी धक्क्यालाच होती. पाणी नुकतं उतरायला लागलं होतं. अण्णा फळीवरून सावकाश चालत आले, मधे थांबून त्यांनी तिच्यावर दोनदा पाय दाबून पाहिला, आणि कोळीवाड्यापर्यंत कुणाशी बोलले नाहीत. मी समजले, रुसलेत.

सोमवार, वाकोला

टेंपोनं सकाळी गल्लीच्या तोंडाशी सोडलं. दारात आले तर त्या तीन पायऱ्या तशाच. मथुरा जोडीदारणीला हाक मारायला वळली. अण्णा म्हणाले, "थांब. कुणी हात लावायचा नाही." मला वाटलं आता हे वाकणार. तीन दिवस जपलं ते सगळं दारात वाया जाणार.

ते आत गेले आणि खाटेखालून दोन सागाच्या फळ्या ओढून बाहेर आले. त्या फळ्या मी लहानपणापासून बघते आहे. माझं लग्न ठरलं की कपाट करायचं म्हणून त्यांनी आणून ठेवलेल्या. त्यांच्याबद्दल आमच्याकडे कुणी बोलत नाही. अण्णांनी त्या अंगणात आडव्या टाकल्या, त्यांच्यावरची धूळ पुसली आणि पट्टी उघडली. आडव्या पट्ट्या कापल्या, मधलं अंतर मथुराला विचारून ठेवलं, खिळे मारले. दोन तास लागले. मी गल्लीत खुर्चीत बसून बघत होते. गल्लीही बघत होती.

फळ्या पायऱ्यांवर टाकल्या. मी खुर्ची फिरवली आणि उलटी, मोठं चाक आधी, वर निघाले. चढ होता, हात भरून आले. अण्णांनी खालून दोन बोटं टेकवली होती, ढकललं नाही. मी उंबऱ्याच्या आत गेले.

एकोणतीस वर्षं. घरात सुतार, खाटेखाली फळ्या, दारात तीन पायऱ्या. आणि मी मढच्या शिट्टीवाल्याला मनातल्या मनात बिनडोक म्हणून आले होते. त्याला निदान कुणीतरी तसली ऑर्डर दिली होती. आम्हाला कुणी दिली होती? अण्णांना पाठ होती म्हणून फळी सुचली नाही, आणि मला पाठ मिळत होती म्हणून मी मागितली नाही. मी अण्णांना हे सगळं तिथल्या तिथं बोलून दाखवलं, चांगलं खरमरीत. ते खाटेवर बसून ऐकत होते.

"तू पाठीवर असलीस की बरं वाटायचं," ते म्हणाले. मग हातांकडे बघत म्हणाले, "आता मी काय करू?"

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"चहा टाका," मी म्हटलं. "आई गेल्यापासून मीच टाकतेय."

अण्णा उठून मोरीशेजारच्या फळीपाशी गेले. बराच वेळ डबे उघडल्याचे आणि लावल्याचे आवाज येत होते. मग त्यांनी विचारलं, "सुमे, साखर कुठं असते?"